ज्योतीतलं रॅडिकल ‘पकडलं’ असं कशाच्या जोरावर म्हणायचं?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, भौतिक रसायनशास्त्र. सेमिनारसाठी ‘ज्योतीतली अल्पायुषी हायड्रोकार्बन रॅडिकल आणि त्यांचं रासायनिक ट्रॅपिंग’ हा विषय मी मागून घेतला. रॅडिकल म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला, म्हणून फार क्रियाशील तुकडा; ट्रॅपिंग म्हणजे त्याला दुसऱ्या रेणूशी जोडून स्थिर पदार्थाच्या रूपात पकडणं. पानेटचा शिशाच्या आरशाचा प्रयोग वाचला तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९२९ मध्ये बर्लिनला पानेट आणि होफेडिट्झ यांनी टेट्रामिथाईल लेडची वाफ हायड्रोजनच्या प्रवाहात मिसळून अगदी कमी दाबाखाली क्वार्ट्झच्या नळीतून सोडली. नळी एका जागी तापवली की तिथे वाफेचं विघटन होऊन आतल्या बाजूला शिशाचा चकचकीत थर बसतो. मग प्रवाहाच्या उगमाकडे थोडं मागे सरकून दुसरी जागा तापवली. तिथे नवा आरसा बसायला लागला आणि पुढचा जुना आरसा हळूहळू नाहीसा झाला. म्हणजे तापलेल्या जागेतून असं काहीतरी पुढे जात होतं जे थंड शिसंसुद्धा उचलून नेत होतं. ते मिथाईल रॅडिकल. दोन जागांमधलं अंतर वाढवलं की आरसा जायला जास्त वेळ लागायचा, आणि त्यावरून त्यांनी मिथाईलचा अर्धायुकाल काढला. तो साधारण ६ मिलिसेकंद आला. डोळ्यांना दिसणारा पुरावा!

माझी अडचण पुढे आहे. ही झाली स्वच्छ नळी. ज्योतीत ऑक्सिजन असतो, हायड्रोजनचे अणू असतात, ओएच (हायड्रॉक्सिल रॅडिकल) असतो, अॅसिटिलीन असतं, आणि तापमान १८०० केल्विनच्या आसपास. १९९० च्या दशकात डार्मश्टाटला होमान यांच्या गटाने डायमिथाईल डायसल्फाइड वापरून ज्योतीतली रॅडिकल पकडली आणि जीसी-एमएसवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र) ओळखली, असं वाचलं. पण रॅडिकल ज्योतीतून बाहेर काढेपर्यंतच मरणार नाही का? आणि जीसी-एमएसवर जो पदार्थ दिसतो तो ज्योतीतल्याच रॅडिकलपासून झाला, वाटेत काही भलतं घडून नाही, हे कसं ठरवायचं? सेमिनारला हा प्रश्न येणार हे नक्की, आणि मला स्वतःलाही उत्तर हवंय.

लेसरवेडा

पहिला प्रश्न मी उलटा विचारतो. बाहेर काढायचंच कशाला? लेसर-प्रेरित प्रतिदीप्तीने (लेसरने रेणू उत्तेजित करून त्याने परत दिलेला प्रकाश मोजून) ज्योतीला हात न लावता मोजता येतं. ओएच ३०८ नॅनोमीटरजवळ, सीएच ४३१ ला. गॅसच्या शेगडीच्या ज्योतीचा निळा रंग हा मुख्यतः सीएच आणि सी-२ यांच्याच उत्सर्जनाचा आहे. तुझ्या सेमिनारमध्ये ट्रॅपिंग ‘इतिहास’ म्हणून दोन स्लाइडमध्ये संपव आणि प्रकाशीय पद्धतींकडे वळ, असं माझं मत.

कवडसा

लेसरवेडा, तुमच्या पद्धती मी वापरल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण हा सल्ला त्याने ऐकू नये असं मला वाटतं. ओएच आणि सीएच चमकतात म्हणून ते दिसतात. मिथाईलला २१६ नॅनोमीटरला उत्तेजित केलं तर ते प्रकाश परत द्यायच्या आधीच फुटतं, प्रतिदीप्ती मिळतच नाही. शोषण मोजता येतं, कॅव्हिटी रिंगडाउनने (दोन आरशांमध्ये प्रकाश वारंवार फिरवून शोषण मोजायची पद्धत) मोजलंही जातं. पण चार, पाच, सहा कार्बनच्या रॅडिकलांची गर्दी जिथे असते तिथे शोषणाचे पट्टे एकमेकांवर चढतात. काजळी कशी सुरू होते हे ज्याला समजून घ्यायचंय त्याला नेमकी हीच गर्दी हवी असते.

वारणाकाठ, मी जर्मनीत ज्योतींवर पीएच.डी. केली आणि आता पुण्यात शिकवते. ट्रॅपिंगची उपकरणं मी स्वतः हाताळली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझा ‘वाटेत मरणार नाही का’ हा प्रश्न. तो आकड्यांनी सोडव, म्हणजे सेमिनारला कोणी हलवू शकणार नाही. समज, ज्योत २५ मिलिबार दाबावर आहे. १८०० केल्विनला एका घनसेंटिमीटरमध्ये साधारण १०^१७ रेणू असतात. त्यात मिथाईल हजारात एक धर, म्हणजे १०^१४. आता हा वायू एका बारीक नळीतून त्याच दाबावर बाहेर ओढला आणि तो ३०० केल्विनला थंड झाला. थंड झाला म्हणजे दाटला, मिथाईल ६ × १०^१४ झालं. दोन मिथाईल भेटून इथेन होण्याचा वेगस्थिरांक खोलीच्या तापमानाला सुमारे ५ × १०^-११ घनसेंटिमीटर प्रति रेणू प्रति सेकंद. गणित कर: निम्मं मिथाईल १५ ते २० मायक्रोसेकंदांत संपतं. आणि सेकंदाला १० मीटर वेगाने १० सेंटिमीटर नळी पार करायला लागतात १० मिलिसेकंद. म्हणजे तुझी शंका रास्त आहे. साध्या नळीने ओढलंस तर पलीकडे पोचतं ते जवळजवळ सगळं इथेन.

म्हणून नळी वापरतच नाहीत. क्वार्ट्झचा शंकू असतो, टोकाला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं भोक, आणि पलीकडे भक्कम निर्वात. भोकातून वायू ध्वनीच्या वेगाने सुटतो आणि पुढे पसरत जातो. पसरताना तापमान पडतंच, पण घनताही पडते, आणि हाच फरक सगळं काम करतो. १८०० केल्विनच्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ८०० मीटरच्या वर असतो, म्हणजे भोकाच्या व्यासाएवढं अंतर कापायला मायक्रोसेकंदाचा जेमतेम दहावा भाग. काही व्यास पुढे गेल्यावर रेणूंच्या टकरा इतक्या विरळ होतात की रॅडिकलला भेटायला कोणी उरत नाही. ते एकटं, सरळ रेषेत उडत राहतं.

मग समोर येते द्रव नायट्रोजनने ७७ केल्विनला थंड केलेली भिंत, आणि तिच्यावर त्याच वेळी सतत बसत असलेला डायमिथाईल डायसल्फाइडचा (पुढे डीएमडीएस) थर. रॅडिकल त्या थरात जाऊन पडतं. सगळीकडे सापळ्याचेच रेणू. गंधक-गंधक बंध सुमारे २७० किलोज्यूल प्रति मोलचा. मिथाईलने एक गंधक पकडला की नवा कार्बन-गंधक बंध ३०० च्या वरचा. तयार होतं आर-एस-मिथाईल (आर म्हणजे पकडलेलं रॅडिकल, एस म्हणजे गंधक), आणि सुटतं मिथाईल-एस. ते मिथाईल-एस आपल्यासारख्याच दुसऱ्याला भेटून परत डीएमडीएस होतं, म्हणजे कचरा फारसा उरत नाही. मिथाईलपासून डायमिथाईल सल्फाइड, वस्तुमान ६२. इथाईलपासून ७६. फिनाईलपासून थायोअॅनिसोल, १२४. सगळे स्थिर पदार्थ. भिंत सावकाश कोमट करायची, द्रव गोळा करायचा, जीसीत टोचायचा.

७७ केल्विनचा आणखी एक फायदा फार सुंदर आहे आणि लेखांमध्ये तो एका ओळीत उरकतात. या तापमानाला, निर्वातात, ऑक्सिजन भिंतीवर टिकत नाही. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, नायट्रोजन, मिथेनसुद्धा नाही. पंप त्यांना ओढून नेतो. ऑक्सिजन हा हायड्रोकार्बन रॅडिकलचा सर्वांत हावरा गिऱ्हाईक, आणि नेमका तोच बाजूला होतो. पानेटचा आरसा ज्योतीला का चालत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. ऑक्सिजनमध्ये धातूचा ऑक्साइड होतो, आणि हायड्रोजनचे अणू अँटिमनीसारखा आरसा स्वतःच खाऊन टाकतात. आरसा गेला एवढंच कळतं, कोणी नेला ते नाही.

आता ज्यासाठी हे सगळं करायचं तो मुद्दा. वस्तुमापकाला (एमएस) ३९ वस्तुमानाचं सी३एच३ दिसतं. बरं, ते कोणतं? प्रोपार्गिल रॅडिकलमध्ये जोडी नसलेला इलेक्ट्रॉन दोन्ही टोकांना वाटलेला असतो. सापळ्याचा गंधक एका टोकाला लागला तर प्रोपार्गिल मिथाईल सल्फाइड, दुसऱ्या टोकाला लागला तर मिथाईलथायोअॅलीन. दोघांचं वस्तुमान ८६च, पण जीसीच्या स्तंभातून ते वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात. म्हणजे रॅडिकलचा सांगाडा आणि त्याचं क्रियाशील टोक, दोन्ही कागदावर येतात. चार-पाच कार्बनच्या रॅडिकलांना तर कितीतरी समघटक (तेच अणू, वेगळी जोडणी) असतात, आणि पुढे बेंझीनचं कडं बनेल की नाही हे त्यातला कोणता आहे यावर ठरतं. मिलर आणि मेलियस यांनी १९९२ मध्ये दोन प्रोपार्गिल मिळून पहिलं कडं बनतं हा मार्ग मांडला आणि तो आज काजळीच्या जवळजवळ प्रत्येक प्रतिमानात आहे. अशा मार्गांची छाननी करायला ‘सी३एच३ आहे’ एवढं पुरत नाही, कोणतं सी३एच३ ते लागतं. सिंक्रोट्रॉनचा (मोठ्या कणत्वरकाचा) निर्वात-अतिनील प्रकाश वापरून आयनीकरण ऊर्जेवरून समघटक ओळखता येतात (प्रोपार्गिलची ८.६७ इलेक्ट्रॉन व्होल्ट), आणि २००५ मध्ये ज्योतींमधले एनॉल (दुहेरी बंधाच्या कार्बनवर ओएच असलेली संयुगं) त्याच वाटेने सापडले. पण सिंक्रोट्रॉनवर वेळ मिळणं आणि प्रयोगशाळेतल्या जीसी-एमएसवर रोज काम करणं यात फार अंतर आहे, आणि दोन स्वतंत्र पद्धतींनी तेच उत्तर यावं ही गरज कधीच संपत नाही.

तुझा दुसरा प्रश्न, विश्वास कसा ठेवायचा. मी याला जास्त वेळ देईन आणि तूही सेमिनारमध्ये दे.

आधी कोरी चाचणी: ज्योत विझलेली, वायू तेच, सापळा तोच, भिंत तितकीच थंड. आर-एस-मिथाईलची शिखरं अजूनही आली तर ती ज्योतीची नाहीत. मग सापळ्याचं प्रमाण दुप्पट करून बघायचं. शिखर वाढलं तर आधी काही रॅडिकल निसटत होती. जैसे थे राहिलं तर सापळा पुरेसा आहे.

मिथाईलच्या बाबतीत एक खास धोका आहे. डायमिथाईल सल्फाइडमधलं मिथाईल ज्योतीतून आलं की सापळ्याच्याच रेणूचा तुकडा आहे? इथे ड्युटेरियमयुक्त डीएमडीएस घ्यायचं, दोन्ही मिथाईलवर हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम. ज्योतीतलं मिथाईल आलं तर वस्तुमान ६५. सापळा स्वतः तुटून जोडला गेला तर ६८. वाद तिथेच मिटतो. महाग आहे, पण एकदा तरी करावं.

आणि मला सर्वांत पटणारा पुरावा उंचीचा. कमी दाबावर ज्योतीचा प्रक्रियेचा पट्टा जाड होतो. वातावरणाच्या दाबाला जो मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो तो २५ मिलिबारला सेंटिमीटरच्या घरात जातो. शंकू स्थिर ठेवून बर्नर वरखाली सरकवायचा, वेगवेगळ्या उंचीवर नमुने घ्यायचे. रॅडिकल खरं असेल तर त्याची शिखरं इंधन संपत येतं त्या पट्ट्यात वाढतात आणि पुढे पडतात, आणि प्रत्येक रॅडिकलचा उतार आपापला असतो. वाटेत तयार झालेल्या बनावट पदार्थाला ही चढउतार जमत नाही, तो मूळ स्थिर वायूच्या मागे मागे चालतो.

मर्यादाही सांग. प्रोपार्गिल, बेंझिल यांसारखी अनुस्पंदनाने (इलेक्ट्रॉन अनेक जागी वाटला जाऊन) स्थिरावलेली रॅडिकल गंधकाशी कमजोर बंध करतात, ऊर्जेचा नफा फार थोडा उरतो, म्हणून मिथाईलची आणि त्यांची शिखरं सरळ तुलनेला ठेवता येत नाहीत. ज्ञात स्रोत वापरून प्रत्येकाची पकड तपासावी लागते. अॅलिलसाठी १,५-हेक्साडाईन तापवतात, मधला बंध तुटून दोन अॅलिल मिळतात. हायड्रोजन अणूही सापळा खातात आणि मिथेनथायॉल बनवतात. शंकूच्या टोकामुळे ज्योत थोडी थंड होते, मोजलेला आलेख थोडा सरकतो. या कारणांनी मी ट्रॅपिंगच्या निरपेक्ष आकड्यांवर फार भिस्त ठेवत नाही. रचनेबद्दल मात्र ते जे सांगतं त्यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

वासाबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगते. डीएमडीएसला सडलेल्या कोबीचा वास असतो आणि तो नाकाला हवेतल्या अगदी नगण्य प्रमाणातही कळतो. काचसामान फ्यूमहूडमध्येच सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणात बुडवून ठेवायचं, पंपाचा निकासही हूडमध्येच. शेजारच्या प्रयोगशाळांशी संबंध टिकवायचे असतील तर हे पहिल्या दिवसापासून पाळावं लागतं.

लेसरवेडा

मिथाईलच्या विघटनाचा मुद्दा मान्य. समघटकांचाही. मी ओएचवर काम करतो त्यामुळे ही गर्दी माझ्या वाट्याला येत नाही. एक भर घालतो: ‘सापळा’ फक्त हायड्रोकार्बनसाठी नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत फ्रिस्ट्रम यांनी १९६३ मध्ये नमुना घेणाऱ्या नळीतच सापळ्याचा वायू मिसळायची पद्धत मांडली होती. ऑक्सिजन अणूंसाठी नायट्रोजन डायॉक्साइड. सेमिनारमध्ये पानेट आणि होमान यांच्यामधला दुवा म्हणून ते घे.

वारणाकाठ

कवडसा ताई, खूप खूप आभार. १५ मायक्रोसेकंदांचं गणित मी रात्री स्वतः करून पाहिलं, जुळलं. आता हाव सुटली आहे. आमच्या विभागात जीसी-एमएस आहे, एक रोटरी पंप आहे. द्रव नायट्रोजन गावाकडच्या जनावरांच्या दवाखान्यातून मिळू शकतो, कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात. सापळ्याची काचेची नळी द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून बुन्सेनच्या ज्योतीतून पंपाने वायू ओढला तर निदान मिथाईल तरी दिसेल का?

क्रायोकाका

बाळा, थांब. हे करू नकोस. मी आयुष्य द्रव वायूंच्या प्लांटवर काढलं आहे.

वातावरणाच्या दाबाची हवा द्रव नायट्रोजनच्या नळीतून ओढलीस तर नळीत द्रव ऑक्सिजन साठतो. नायट्रोजन -१९६ अंशांना उकळतो, ऑक्सिजन -१८३ ला. ताईंनी वर लिहिलं की ऑक्सिजन भिंतीवर टिकत नाही, ते चांगल्या निर्वातात. तुझ्या मांडणीत निर्वात नाही. फिकट निळा द्रव साठेल आणि त्याच नळीत तुझा सेंद्रिय सल्फाइड आणि ज्योतीतलं अॅसिटिलीन गोठलेलं असेल. द्रव ऑक्सिजन आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र म्हणजे स्फोटक. ते पेटायला ठिणगीही लागत नाही, धक्का पुरतो. आणि पंप बंद करून नळी गरम व्हायला लागली की कोंडलेला वायू काच फोडतो तो वेगळाच. कुठेही निळा द्रव दिसला तर नळीला हात न लावता, ती तशीच बुडलेली आणि पंपाला मोकळी ठेवून खोली रिकामी करायची आणि जाणत्या माणसाला बोलवायचं. हे सेमिनारमध्येही सांग, पोरांना माहीत नसतं.

कवडसा

क्रायोकाकांचा शब्द न् शब्द खरा आहे. वारणाकाठ, ज्योत आणि द्रव नायट्रोजन हा प्रयोग योग्य निर्वात यंत्रणा आणि अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय नाही. शिवाय रासायनिकदृष्ट्याही तो निष्फळ ठरेल, कारण बुन्सेनच्या ज्योतीचा पट्टा मिलिमीटरपेक्षा पातळ, तुझी नळी त्याहून जाड, आणि वाटेत सगळं इथेन.

‘मग ईएसआर आणि स्पिन ट्रॅप वापरू का’ असं पुढे सुचेल, म्हणून आधीच सांगते. (ईएसआर जोडी नसलेले इलेक्ट्रॉन ओळखतं; स्पिन ट्रॅप रॅडिकलला जोडून जास्त टिकणारं रॅडिकल बनवतो.) आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये (उपकरणांच्या सामायिक केंद्रात) ईएसआरची सोय आहे आणि धूर पीबीएन या स्पिन ट्रॅपच्या द्रावणातून बुडबुडवणं सोपं आहे. पण सिगारेटच्या धुरावर लुइझियानात प्रायर यांनी हेच केलं तेव्हा काय निघालं ते वाच. वायूरूप धुरातल्या रॅडिकलांचं प्रमाण धूर शिळा होताना कमी होण्याऐवजी मिनिटांच्या पल्ल्यात वाढत होतं! ती जळत्या टोकातली रॅडिकल नव्हतीच. धुरातला नायट्रिक ऑक्साइड हवेत हळूहळू नायट्रोजन डायॉक्साइड होतो, तो आयसोप्रीनसारख्या डायईनवर (दोन दुहेरी बंधांच्या रेणूवर) चढतो आणि नवी रॅडिकल सतत बनत राहतात. सापळ्याने जे पकडलं ते खरं होतं, पण ते ज्योतीतलं नव्हतं. तुझ्या मूळ प्रश्नाला याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही. याच्यावर एक पूर्ण स्लाइड दे.

हाताने काही करायचंच असेल तर द्रवात कर, आणि सरांच्या देखरेखीखाली. क्लोरोबेंझीनमध्ये थोडं डाय-टर्शरी-ब्युटाईल पेरॉक्साइड आणि टेम्पो (स्वतः स्थिर असलेलं, दुसऱ्या रॅडिकलला चटकन जोडलं जाणारं रॅडिकल) घे, नायट्रोजनखाली १३० अंशांजवळ रिफ्लक्स कर. पेरॉक्साइडचं प्रमाण अगदी कमी ठेवायचं आणि कोरडं होईपर्यंत कधीही उडवायचं नाही. पेरॉक्साइड तुटून टर्शरी-ब्युटॉक्सी होतं, त्यातून अॅसिटोन सुटतं आणि मिथाईल उरतं, ते टेम्पो पकडतो. जीसी-एमएसवर १७१ वस्तुमान शोध. मग त्याच द्रावणात थोडं टोल्युईन घाल. आता टर्शरी-ब्युटॉक्सीपुढे दोन वाटा आहेत: स्वतः फुटून मिथाईल द्यायचं, नाहीतर टोल्युईनचा हायड्रोजन ओढून बेंझिल बनवायचं. बेंझिलचा टेम्पो पदार्थ २४७ वर येईल. तापमान ११० पासून १३० पर्यंत बदलत गेलास की दोघांचं गुणोत्तर सरकताना दिसेल. फुटण्याची सक्रियण ऊर्जा जास्त, म्हणून वर जाताना १७१ वाढला पाहिजे. जीसीच्या इंजेक्टरचं तापमान फार चढवू नकोस, हे टेम्पो पदार्थ तिथे परत तुटू शकतात, आणि बेंझिलचा तर मिथाईलच्या आधी तुटेल. हेही तपासून घे: तेच द्रावण दोन वेगळ्या इंजेक्टर तापमानांना टोचायचं आणि गुणोत्तर बदलतं का ते बघायचं.

निकाल आले की इथे टाक. कोरी चाचणी आधी.